ढकलणे, रेटणे, ढोसणे : इंग्रजीत कुठला शब्द कुठे?

प्रश्न : बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. शब्दकोशात पुश, शव्ह, नज, प्रॉड, थ्रस्ट, जॉसल या सगळ्यांपुढे ‘ढकलणे’ एवढंच असतं आणि मुलं वाटेल तो शब्द वाटेल तिथे ठोकून देतात. फरक कसा समजावू?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ‘ढकलणे’ तूर्त बाजूला ठेवा आणि नेमकं काय घडलं ते मुलांना मराठीतच विचारा : सरकवलं, रेटलं, ढोसलं, कोंबलं, की खुपसलं? आपल्याकडे ही क्रियापदं भरपूर आहेत. मराठी शब्द अचूक सापडला की इंग्रजी शब्दाचं काम निम्मं होतं.

पुश सगळ्यांत सोज्वळ. हातगाडी, दार, व्हीलचेअर, काहीही पुश करता येतं. त्यात राग-लोभ नसतो. शव्हमध्ये आडदांडपणा येतो. रांगेत मागच्याने धसमुसळेपणाने पुढे लोटलं, तर तो शव्ह. घडी न घालता कपडे बॅगेत कोंबले तरी शव्हच, फक्त पुढे ‘इन्टू’ हवं : ‘ही शव्हड हिज क्लोद्स इन्टू द बॅग.’ ‘व्हेन पुश कम्स टू शव्ह’ हा वाक्प्रचार या चढत्या जोरावरच उभा आहे. अर्थ, प्रकरण हातघाईवर आलं की.

नज म्हणजे कोपराने हलकेच खुणावणं. समोरच्याला हलवायचं नसतं, त्याचं लक्ष वेधायचं असतं. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांचं याच नावाचं पुस्तक २००८ साली आलं आणि शब्दाला नवी बाजू मिळाली : सक्ती न करता, सगळे पर्याय खुले ठेवून माणसाला एका निवडीकडे वळवणं. कँटीनमध्ये फळं नजरेसमोर आणि वेफर्स मागच्या फळीवर, हा नज. वेफर्सवर बंदी घातली तर तो नज राहत नाही.

प्रॉड म्हणजे काठीने किंवा टोकदार वस्तूने ढोसणं. बैलाला पराणी टोचतात ते प्रॉड. नुसतं बोट खुपसलं तर पोक. मागे लागून लागून काम करवून घेणं हेही प्रॉड. थ्रस्ट एकदम, जोराने आणि एका रोखाने होतो : ‘शी थ्रस्ट द लेटर इन्टू माय हँड.’ इथे पेपरात हमखास गुण जातात, कारण त्याचं भूतकाळी रूपही थ्रस्टच आहे. ‘थ्रस्टेड’ लिहू नये.

जॉसल गर्दीतला. दादरला लोकल लागल्यावर दाराशी जी रेटारेटी होते, ती जॉसलिंग. मात्र बातमीतली ‘अधिकाऱ्याला धक्काबुक्की’ जॉसलमध्ये बसत नाही. तिथे एकाला धरून ओढलं-ढकललेलं असतं, म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रं ‘मॅनहँडल्ड’ लिहितात.

वाक्यरचनेत सर्वाधिक घोळ ‘दार ढकलून उघड’मध्ये होतो. मुलं ‘पुश अँड ओपन द डोअर’ लिहितात. इंग्रजीत परिणाम शेवटी येतो : ‘पुश द डोअर ओपन.’ बंद करायचं असेल तर ‘पुश द डोअर शट’. ‘पुश अ‍ॅट द डोअर’ म्हटलं तर दाराला जोर लावला एवढंच कळतं. ते हललं की नाही, ते कळत नाही. आणि कपाट ढकलूनही हलेना, तर ‘द कबर्ड वोन्ट बज’. हा बज बहुतेक नकारातच भेटतो.

प्रश्न : अमेरिकेतल्या क्लायंटला ‘लेट्स पुश द मीटिंग’ असं लिहिलं. मला ती अलीकडे घ्यायची होती, त्यांनी पुढच्या आठवड्यात ठेवली. चूक कोणाची?
– एक वाचक, हिंजवडी

उत्तर : तुमची. वेळेच्या बाबतीत नुसतं पुश किंवा पुश बॅक म्हणजे लांबणीवर टाकणं. अलीकडे आणायला अमेरिकेत ‘मूव्ह अप’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘ब्रिंग फॉरवर्ड’. आपला ‘प्रीपोन’ सुटसुटीत आहे, पण भारताबाहेर तो अनेकांना कळत नाही. सरळ नवा वार, वेळ आणि टाइम झोन लिहावा. मग क्रियापद चुकलं तरी बिघडत नाही.

पुशबॅक जोडून, नाम म्हणून आला की अर्थ बदलतो. ‘वी गॉट सम पुशबॅक’ म्हणजे समोरून विरोध झाला. तारखेचा संबंध नाही. विमानतळावर त्याच शब्दाचा अर्थ ट्रॅक्टरने विमान गेटपासून मागे ढकलणं.

‘पुश फॉर’ आणि ‘पुश इन्टू’चीही गल्लत नको. पगारवाढीसाठी आग्रह धरणं हा पुश फॉर. ‘शी वॉज पुश्ड इन्टू रिझायनिंग’ म्हणजे मनाविरुद्ध राजीनामा द्यायला लावला. एचआरच्या मेलमध्ये हे वाक्य जपून वापरा, तो आरोप ठरतो.

प्रश्न : शव्ह की शोव्ह? आणि नजचा उच्चार कसा?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : शव्ह; लव्ह, ग्लव्हसारखा. पुश मात्र पुट, पुल, फुल यांच्या कुळातला, म्हणून पश नव्हे. नज आणि बजमधला ज ‘जीवन’मधला, ‘जर’मधला नाही, स्पेलिंगमधला डी वेगळा उच्चारायचा नाही. थ्रस्टसाठी जिभेचं टोक दातांच्या मधे आणून हवा सोडायची. आपल्या मराठी थनेही ऐकणाऱ्याला शब्द कळतो.