वाचकांचे प्रश्न : चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, पुढे काय?

प्रश्न : परदेशी शिक्षणासाठी जाण्याआधी क्षयरोगाची तपासणी करून घेतली. हातावरच्या चाचणीचा निकाल १२ मिलिमीटर आला, छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ आहे. लहानपणी बीसीजी (क्षयरोगाची लस) घेतलेली आहे. मला क्षयरोग आहे का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. आधी ते १२ मिलिमीटर कशाचे, हे विचारा. हातावरच्या या चाचणीत, म्हणजे मांटू चाचणीत, ०.१ मिलिलिटर ट्युबरक्युलिन (क्षयरोगाच्या जंतूंपासून काढलेली प्रथिनं) कातडीच्या थरात टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी निकाल वाचतात. मोजायचा असतो तो फक्त हाताला लागणारा टणक फुगवटा, भोवतालची लाली नव्हे. चूक बहुतेकदा इथेच होते. बॉलपेन बाहेरून फुगवट्याकडे सरकवत आणायचं. जिथे ते अडतं ती कडा. दोन्ही बाजूंनी असं करून हाताच्या आडव्या दिशेत अंतर मोजायचं.

मोजमाप बरोबर असलं तरी बीसीजीमुळे ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून लस घेतलेल्यांसाठी रक्ताची इग्रा चाचणी बरी. तिच्यात वापरलेली प्रथिनं बीसीजीच्या जंतूत नसतात. मात्र सुप्त संसर्ग (जंतू शरीरात आहेत, पण आजार नाही) आणि चालू आजार यांतला फरक दोन्ही चाचण्यांना कळत नाही. त्यासाठी लक्षणं (दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं) आणि एक्स-रे पाहावे लागतात, गरज पडल्यास थुंकीही.

सुप्त संसर्ग असलेल्यांपैकी ५ ते १० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी आजार होतो आणि सर्वाधिक धोका पहिल्या दोन वर्षांत असतो. प्रतिबंधक उपचार घ्यायचे ठरलं तर आधी चालू आजार नाही याची खात्री हवीच. आजार असताना एकदोन औषधांवर भागवलं, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. गोळ्यांत रिफॅम्पिसिन असेल तर लघवी नारिंगी होते, त्याने घाबरू नका. पण गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम या औषधाने कमी होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर स्वतःहून विचारा.

प्रश्न : वसतिगृहात नैराश्याची लक्षणं विचारणारी पीएचक्यू-९ प्रश्नावली भरून घेतली. २२ टक्के मुलांचे गुण १० किंवा अधिक आले. ‘२२ टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त’ असा अहवाल द्यावा का?

देऊ नका. ही चाळणी आहे, निदान नव्हे. प्रश्न नऊ, प्रत्येकी ० ते ३ गुण, मागच्या दोन आठवड्यांविषयी. समजा, १००० मुलांपैकी १०० जणांना खरोखर नैराश्य आहे. चाळणी त्यांतल्या ८८ जणांना पकडते असं धरू आणि उरलेल्या ९०० मधल्या ८५ टक्क्यांना बरोबर सोडते, म्हणजे १३५ जण उगाच अडकतात. एकूण झाले २२३. त्यांतले खरे ८८. म्हणजे १० टक्क्यांचे चाळणीने २२ टक्के केले! अहवालात ‘चाळणीत १० किंवा अधिक गुण’ एवढंच लिहा. किती जणांना विचारलं, किती जणांनी भरलं आणि परीक्षा किती दिवसांवर होती, हेही लिहा.

खरी अडचण नवव्या प्रश्नाची आहे. मरून जावंसं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटतं का, असं तो विचारतो. प्रश्नावली निनावी ठेवली आणि कोणी ‘जवळजवळ रोज’ लिहिलं, तर शोधायचं कुणाला? तेव्हा एकतर हा प्रश्न वगळलेली आठ प्रश्नांची आवृत्ती वापरा, नाहीतर सांकेतिक क्रमांक द्या. त्या क्रमांकामागचं नाव कोण उघडणार आणि त्याच दिवशी मुलाशी कोण बोलणार, हे आधी ठरवा. मुलांनाही ते भरण्यापूर्वीच सांगा. नंतर गोपनीयता मोडलीत तर पुढच्या वर्षी कोणी खरं लिहिणार नाही.

प्रश्न : स्थलांतरित कामगारांचं सर्वेक्षण करतो आहोत. भाषा येत नाही तेव्हा त्यांच्याच मुलांना दुभाषी म्हणून घेतलं तर चालेल?

नाही. आईसमोर मूल दारू, मारहाण, गुप्तरोग यांबद्दल विचारणार नाही. विचारलंच तर आई उत्तर देणार नाही. मुकादमही नको, कारण उत्तरामागे नोकरीची भीती येते. बाहेरचा प्रशिक्षित दुभाषी घ्या. प्रश्नावलीचं भाषांतर दुसऱ्याकडून मूळ भाषेत उलटं करून घ्या आणि पाचसहा जणांना प्रश्न ‘तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारून पाहा. ‘उदास’ या शब्दाऐवजी अनेक जण अंग मोडून येणं, छातीवर दडपण असं सांगतात. ते शब्द तिथेच हाती लागतात.