झाडणारी म्हातारी धरून अकरा

प्रिय मुली,

प्रभूच्या नावे सलाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. खानापूरचा पाऊस पत्रालाही लागलेला दिसतो, दुसऱ्या पानावरची शाई फुटली होती. तरी एक वाक्य स्वच्छ वाचता आलं : ‘रविवारी उपासनेला झाडणारी म्हातारी धरून अकरा जण होते.’ पाळक होण्यासाठी सेमिनरीत एवढी वर्षं घालवल्यावर देवानं आपल्याला या कोपऱ्यात का आणून टाकलं, हा तुझा प्रश्नही वाचला. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला बोलायचंय ते तुझ्या त्या ‘धरून’बद्दल.

मी १९७८ साली, बाविसाव्या वर्षी, कुष्ठरोग्यांच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागले. तेव्हा सगळी भिस्त डॅप्सोनच्या गोळ्यांवर. औषधं एकत्र करून द्यायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं सुचवली ती १९८१ साली. ड्यूटी संपली की संध्याकाळी मी वॉर्डात बायबल वाचून दाखवायची. नळावरून कळशी भरून न्यावी तसा आपण या लोकांना देव नेऊन देतोय, असं मला तेव्हा खरोखर वाटायचं.

वॉर्डात हुक्केरीकडची एक बाई होती. घरचं बोलणं कन्नड, मराठी मोडकं. दोन्ही हातांची बोटं झिजून आखूड झालेली. तिच्याकडे पट्ट्या गुंडाळायचं काम होतं. जुनी धोतरं, चादरी फाडून, उकळून, वाळवून आम्ही पट्ट्या करायचो. ती पट्टी मांडीवर पसरायची आणि मनगटानं, पोळी लाटावी तशी, पुढे ढकलत गुंडाळायची. एका सकाळी मी घाईत एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधली, तर ती खाटेवरूनच ओरडली. पट्टीत चादरीची शिवण आली होती. ती वरच्या अंगाला राहील अशी तिनं गुंडाळी केलेली, आणि मी उलटी धरून शिवण तळव्याखाली घातली होती.

“त्याला टोचत नाही सिस्टर,” ती म्हणाली, “म्हणून तर वर पायजे.”

दुखलं की माणूस पाय उचलतो. बधिर पाय दुखत नाही, म्हणून तो त्याच जागेवर चालत राहतो आणि चार दिवसांनी तिथे जखम दिसते. हे सगळं मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आले होते. शिवण मात्र मला दिसली नव्हती.

बऱ्याच वर्षांनी यिर्मयाचा ३८वा अध्याय वाचताना ती बाई आठवली. यिर्मया संदेष्ट्याला पाण्याच्या टाक्यात सोडलेलं, पाणी नाही, नुसता चिखल. राजवाड्यातला एबद-मलेख नावाचा कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाचा, नोकर राजाकडे जाऊन बोलतो, राजा माणसं देतो. दोर टाकून वर ओढायचं, एवढंच काम उरलेलं. पण हा आधी भांडाराखालच्या खोलीत जातो, जुनेर आणि चिंध्या गोळा करतो, त्या दोरानं खाली सोडतो आणि म्हणतो, या काखेत घाला, दोर त्यावरून घ्या. शब्बाथशाळेत आम्हाला यातला राजा शिकवला, संदेष्टा शिकवला. चिंध्या कोणी शिकवल्या नाहीत. जुन्या चिंध्या कुठल्या खोलीत पडल्यात हे राजाला कुठून ठाऊक असणार? एबद-मलेख म्हणजे ‘राजाचा दास’. तेव्हा त्याचं खरं नावसुद्धा आपल्यापर्यंत आलं की नाही, शंकाच आहे. पण पुढच्याच अध्यायात, यरुशलेम पडायच्या वेळी, देव त्या एकट्यासाठी वेगळा निरोप धाडतो की तू वाचशील.

माझी आजी बायबलबाई होती. बायकांना वाचायला शिकवत गावोगाव पायी हिंडायची. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० साली सुरू झालं, त्या साहेबांची नावं आपल्याकडे पोरांनाही पाठ असतात. एका मंडळीच्या जुन्या जमाखर्चाच्या वहीत मी आजीचं नाव शोधलं. ‘बायबलबाई, एक’ असं होतं. तुझं वाक्य वाचून मला राग आला तो या वहीचा. तो तुझ्यावर काढत नाही.

आता कोपऱ्याबद्दल. लूकच्या १७व्या अध्यायात येशू शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरून जातो आणि तिथे त्याला दहा कुष्ठरोगी भेटतात. (बायबलातलं कुष्ठ म्हणजे आजचाच रोग असं धरू नकोस, कातडीच्या बऱ्याच रोगांना तो एकच शब्द होता. नर्सची खोड, राहवत नाही.) यहुदी आणि शोमरोनी यांचा एकमेकांशी पाण्याचाही व्यवहार नव्हता, आणि या टोळक्यात एक शोमरोनी होता. उपदेश करणारे आभार मानायला परत आलेल्या त्या एकाकडे जातात. मी मात्र ते दहा जण एकत्र कसे, इथंच थांबते. मला ते पाहिल्यासारखं वाटतं. आमच्या वॉर्डात चंदगडची मराठी, गोकाकची कन्नड, लोंढ्याकडची कोकणी आणि उर्दू एकाच नळावर भांडी घासायच्या. बाहेर १९५६पासून सीमेचा तंटा पेटलेला, आत रोगानं भाषावार प्रांतरचनाच मोडून टाकलेली. कोणी कन्नडमध्ये “ऊटा आतेन्री?”, म्हणजे जेवण झालं का, विचारलं की मराठी बाई “झालं की” म्हणायची.

तुझ्या बेळगावी ‘काय करुलास’ला पुण्यात हसायचे, असं लिहिलंयस. येशूला धरलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात त्याचा शिष्य पेत्र याला लोकांनी ओळखलं ते त्याच्या बोलीवरून. पेत्र आणि येशू एकाच मुलखातले. म्हणजे यरुशलेमेच्या शहाण्यांना येशूची बोलीही गावंढळच वाटत असणार. याइराच्या मुलीला उठवताना तो जे घरगुती अरामी बोलला, ते ‘तलिथा कूम’, म्हणजे ‘मुली, ऊठ’, मार्कानं त्याच्या शुभवर्तमानात तसंच ठेवलंय. मग तू उपदेशाला उभी राहिलीस की पुस्तकी मराठी कशाला काढतेस?

एक सांभाळ. अशा माणसांना संत करून टाकू नकोस. ती पट्ट्यावाली बाई साखरेवरून भांडायची, शेजारणीचा तांब्या लपवायची आणि तोंडावर नाही म्हणायची. आणि देव त्यांच्यात काम करतो म्हणजे त्यांचे हाल त्याला चालतात, असंही कोणाला सांगू नकोस. खानापूरच्या वीटभट्ट्यांवर जाशील तेव्हा पहिल्या खेपेला पत्रकं नेऊ नकोस, फोटो तर मुळीच काढू नकोस. उचल किती घेतलीय, वही कोण ठेवतो, आठवड्याला किती वळती होते, एवढं विचार. आकडा वाचून सांगणारं माणूस तिथं आधी लागतं. प्रार्थना ते स्वतःच मागतील, नाही मागितली तर चहा पिऊन परत ये.

आता ती म्हातारी. किती वाजता येते? चर्चची किल्ली कोणाकडे असते? तू यायच्या आधी तिथे पाळक नव्हता म्हणतेस. मग इतके दिवस दार कोण उघडत होतं, गळक्या कौलाखाली पातेलं कोण ठेवत होतं, आणि रविवारी कोणी आलंच नाही तर ती एकटी बसून काय करायची? तुझ्या आधीपासून त्या जागेत काय चाललंय हे सांगू शकेल असं माणूस मला तरी तुझ्या पत्रात तेवढंच दिसलं, आणि तू तिला मोजणीच्या शेवटी ठेवलंस. उपासनेनंतर खराटा तू घे आणि तिला बाकावर बसव. देणार नाही, भांडेल. मग तिच्याबरोबर झाड.

पाऊस ओसरला की येईन म्हणते. वस्तीची गाडी खानापुरातून किती वाजता सुटते ते कळव, आणि तिचं नाव लिही.

तुझी मावशी
कॅम्प, बेळगाव