‘छान आहे’च्या पुढे काही बोलतच नाहीत

प्रश्न : आम्ही एका अ‍ॅपसाठी वापरकर्त्यांच्या मुलाखती घेतो. लोक अवघडून बसतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि गप्प होतात. त्यांना मोकळं कसं करावं?

उत्तर : आधी खोलीत किती माणसं असतात ते मोजा. समोर चार जण वह्या उघडून बसले की मुलाखतीची तोंडी परीक्षा होते. एकाने विचारावं, एकाने टिपावं. बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीतून पाहावं, पण तेही समोरच्याला सांगून. खुर्च्या समोरासमोर नकोत, टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात ठेवा.

सुरुवातीलाच सांगा, ‘परीक्षा अ‍ॅपची आहे, तुमची नाही. मधेच थांबायचं असेल तर थांबू, मानधन पूर्ण मिळेल.’ रेकॉर्डिंगची परवानगी यंत्र सुरू करण्याआधी घ्या आणि ते कोण ऐकणार, कधी पुसणार तेही सांगा. ‘हे आम्हीच बनवलंय’ असं मात्र चुकूनही म्हणू नका; तोंडावर नावं ठेवायला कोण धजावेल?

पहिली पाच मिनिटं सोपे, घडलेल्या गोष्टींचे प्रश्न घ्या : ‘शेवटचं कधी वापरलंत? तेव्हा काय करत होता?’ ‘आवडलं का?’ विचारलंत तर ‘हो’च मिळणार.

उत्तर संपल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. ही शांतता विचारणाऱ्यालाच जास्त टोचते, म्हणून तो घाईने पुढचा प्रश्न टाकतो आणि ओठांवर आलेलं राहून जातं. माणूस अडखळला तर लगेच मदत नको. ‘इथे काय अपेक्षित होतं?’ एवढंच विचारा.