दोन महिन्यांचं पिल्लू पहिल्यांदाच पाळलंय. थंडी आणि दिवाळीत त्याला कसं सांभाळावं?

तुम्ही तासगावजवळ राहता, पिल्लू साधारण ३ किलोचं आहे आणि फटाक्यांची भीती वाटते, असं लिहिलंय. फटाक्यांचं पुढे सांगतो. पण मला जास्त काळजी वाटते ती फराळाच्या ताटाची, आणि त्यातही बेदाण्याची.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किलोमागे ३ ग्रॅम बेदाणाही धोक्याचा ठरू शकतो. म्हणजे तुमच्या पिल्लाला ९ ग्रॅम, साधारण १५-२० दाणे. काही कुत्र्यांना जास्त खाऊनही काही होत नाही, म्हणून ‘आमच्या मोत्यानं खाल्ले, काही झालं नाही’ असं सांगणारे भेटतील. त्यावर जाऊ नका, कारण अमुक इतकं खाल्लं तर चालतं असं प्रमाण कुणालाच ठरवता आलेलं नाही. आपल्याकडे बेदाण्याचा डबा नाही असं घर सापडणं अवघड. चिवड्यात तो असतो, करंजीच्या सारणात असतो आणि पोरांच्या हातून खालीही सांडतो. चिवड्यातला कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, चॉकलेट हृदयावर येतं. पेढे-बर्फीनं जुलाब लागतात.

बेदाणे खाल्ले असं कळलं तर उलटीची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. पहिल्या दोन तासांत त्यांनी औषध देऊन उलटी करवली तर बरंचसं बाहेर पडतं. घरी मीठपाणी पाजू नका, रक्तातलं मीठ वाढून जीव जाऊ शकतो. लघवी कमी व्हायला लागते ती एक-दोन दिवसांनी, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो.

बागायतदार असाल तर आणखी एक. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून जी पेस्ट लावतात त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं, ते फार जहाल आहे. फवारणीचे ड्रम, मोरचुदाची बादली, रिकाम्या बाटल्या यांच्या आसपास पिल्लू मोकळं सोडू नका. ते साचलेलं पाणी पितंच.

आता थंडी. अंगातली ऊब हवेपेक्षा गार फरशी जास्त ओढून घेते. म्हणून अंगावर स्वेटर चढवण्याआधी अंगाखालची सोय करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात गोणपाटाच्या दोन घड्या आणि वर जुनी वाकळ. अर्धा लिटरच्या बाटलीत हाताला सोसेल इतकं कोमट पाणी भरा, ती टॉवेलात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा. दुसरा कोपरा मोकळा हवा, उकडलं तर पिल्लाला सरकता आलं पाहिजे. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नको, तिचा वायू माणसालाही मारतो. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला द्या, शेवटचं झोपण्याआधी. म्हशीच्या दुधानं अनेक पिल्लांना हगवण लागते, त्यापेक्षा मऊ भात आणि उकडलेलं अंडं बरं. पिल्लू लुळं, थंडगार आणि थरथरतं दिसलं तर हिरड्यांवर गुळाचं घट्ट पाणी बोटानं चोळा, उबेत घ्या आणि डॉक्टर गाठा. शुद्धीवर नसताना तोंडात काही ओतू नका.

दिवाळीत पाहुणे येतात आणि त्यांच्या चपलांबरोबर पार्व्होही (पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा जीवघेणा विषाणू) येऊ शकतो. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत. तोवर संरक्षण अपुरंच. चपला फाटकाबाहेर काढायला लावा. फिनाईलवर विसंबू नका, त्यानं पार्व्हो मरत नाही. ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून फरशी पुसा, दहा मिनिटं ओली राहू द्या आणि मग साध्या पाण्यानं पुसून घ्या.

फटाक्यांसाठी आतली, कमीत कमी खिडक्यांची खोली निवडा. लक्ष्मीपूजनाला अंधार पडायच्या आधी खाणं आणि शी-शू उरकून घ्या. पंखा, टीव्ही चालू ठेवा, खोकं उलटं करून गुहेसारखं दार ठेवा. साखळीनं बांधू नका, घाबरून उड्या मारताना गळफास बसतो. जवळ घेतल्यानं भीती वाढते हा समज चुकीचा आहे, खुशाल मांडीवर घ्या. माणसांच्या झोपेच्या किंवा तापाच्या गोळ्या मात्र देऊ नका. नरकचतुर्दशीला पहाटेच आवाज सुरू होतात, त्या दिवशी पिल्लू रात्रीपासूनच त्या खोलीत असू द्या. सकाळी अंगणातली फुसक्या फटाक्यांची दारू झाडून घेतल्याशिवाय त्याला बाहेर आणू नका, ते चघळतं.

सणात दवाखाने बंद असतात. कोणते डॉक्टर लक्ष्मीपूजनाच्या रात्री फोन उचलतील ते आताच विचारून ठेवा. पिल्लाला घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, तुमचं वजन वजा करा आणि आलेला आकडा त्या नंबरशेजारी लिहा. औषधाचा डोस वजनावर ठरतो, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.