या वर्षी बागेकडे फळ मागू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "काका, पावसाळ्याच्या तोंडचा मृग बहार गेला तर गेला. लगेच पाणी तोडतो आणि पावसाळ्याच्या शेवटचा हस्त बहार धरतो." मी नुसतं हं म्हटलं, कारण आवाजावरूनच कळत होतं की दोन-तीन रात्री तुझा डोळा लागलेला नाही. म्हणून आज सवडीनं लिहितोय.

डाळिंबांचे फोटो पाहिले. काळे तेलकट डाग आणि डागाच्या मधोमध फाटलेली साल. तेल्याच आहे, जिवाणूंचा रोग. दमट हवेत आणि रिपरिप पावसात तो असाच पसरतो, तेव्हा आपलं काय चुकलं हे उगाळत बसू नकोस. आता घाई करशील तर मात्र चुकशील. मी चुकलो होतो. पहिल्या तेल्यानंतर कर्ज फेडायच्या घाईत उरलीसुरली फळं उतरवली, लगेच झाडांना ताण दिला आणि ईथरेल मारून पानगळ केली. फुलं भरपूर आली, पण बहुतेक सगळी नर. सेटिंग झालंच नाही, फळं धरलीच नाहीत. काड्यांवर जुने डाग तसेच राहिलेले, त्यामुळे पुढच्या पावसात रोग पुन्हा उसळला. दोन वर्षांनी भगवा जातीच्या डाळिंबाची निम्मी बाग ट्रॅक्टरनं उपटावी लागली. तुझी काकू बांधावर उभी राहून बघत होती. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

सोलापूरचं डाळिंब संशोधन केंद्र सांगतं की तेल्या आलेल्या बागेला तोडणीनंतर ३ ते ४ महिने विश्रांती द्या. आपल्यातले पुष्कळ जण विश्रांती आणि ताण यांत गल्लत करतात. ताण म्हणजे पाणी तोडणं. विश्रांतीत पाणी चालू असतं, शेणखत पडतं, तण निघतं, फक्त झाडाकडे फळ मागायचं नाही. त्या महिन्यांत झाड काडीत अन्न साठवतं आणि त्या साठ्यावरच पुढच्या बहाराची मादी फुलं येतात. तू सध्या स्वतःला देतोयस तो ताण आहे. जेवणाची वेळ नाही, झोप नाही, आणि रात्री बारा वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्यांच्या मालाचे भाव बघत बसायचं.

पुढच्या वर्षीचा हस्त धर. मृग नकोच. जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या आंबिया बहाराचं फळ शेवटी पावसात सापडतं, म्हणून तोही मी तुझ्या बागेत धरणार नाही.

तोवर काम आहेच, फक्त सावकाशीनं करायचं. रोगट काडी डागाच्या २ इंच खालून काप. दर झाडाला कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडव. गळलेली फळं बांधावर टाकू नकोस, गोळा करून जाळ. मग १ टक्का बोर्डो मिश्रण फवार: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजव, मग एकत्र कर. फवारण्याआधी विळ्याचं पातं घासून त्यात बुडव आणि थोडं थांब. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अजून मोकळं आहे, चुन्याची निवळी वाढव. पातं स्वच्छ निघेपर्यंत पंप सुरू करायचा नाही. माझ्या त्या वाईट वर्षात दिवसभरात शांतपणे श्वास घेतलेली हीच काय ती दोन मिनिटं असायची.

पैशाचं मी विसरलेलो नाही. हप्त्याची तारीख उलटायच्या आधी कर्ज देणाऱ्या सोसायटीत जा, वडिलांना बरोबर ने, आणि झालंय ते सगळं सरळ सांग. तोंड चुकवलंस की लोक वाईट तेच धरून चालतात. विहिरीखालच्या रिकाम्या एकरात हरभरा पेर. त्यानं कर्ज फिटणार नाही, पण घरात चार पैसे येतील आणि हिरवं काहीतरी डोळ्यांसमोर राहील.

वडिलांबरोबर एका ताटावर बस. ते बोलत नाहीत म्हणजे रागावलेत असं नाही, त्यांनाही झोप लागत नसणार. आणि मनात काही वेडंवाकडं आलं तर वेळ बघू नकोस, रात्रीचे दोन वाजले असले तरी मला फोन कर. मी उचलतो.

रविवारी सकाळी येतोय. दोन कात्र्या माझ्याकडे आहेत. तू फक्त विळा घासून ठेव आणि आईला सांग, जेवायला मी तिथंच आहे.

तुझा काका