वाळ्यासाठी साप पकडायचा हुक काढू नका

पावसाळ्यात न्हाणीघराच्या मोरीतून ‘सापाचे पिल्लू’ निघाल्याचा फोन आला, तर तो बहुधा पूर्ण वाढलेला वाळा, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा छोटा साप असतो, हे नव्या सर्पमित्राने आधी ध्यानात घ्यावे. जेमतेम 15 सेंटिमीटर लांबीच्या आणि बुटाच्या नाडीएवढ्या जाडीच्या या जीवाला हुकाची किंवा चिमट्याची पकड सोसत नाही, म्हणून त्याच्यापुढे कागद सरकवून त्याला ओलसर माती घातलेल्या डब्यात घ्यावे. झाकण लावण्यापूर्वी भिंगातून अवश्य पाहा: गांडुळाची वलये नसून चकचकीत खवले दिसतील, त्यांखाली डोळ्यांचे दोन काळे ठिपके, आणि मधूनच लवलवणारी जीभ. शेपटीच्या टोकाचा बारीक काटा बोटाला टोचतो आणि घरातली माणसे त्यालाच दंश समजतात. प्रत्यक्षात वाळा बिनविषारी असून मुंग्या-वाळवीची अंडी व अळ्या खाऊन जगतो. त्यांच्यात नर आढळत नाहीत, मादी नराशिवायच अंडी घालते, त्यामुळे नव्या जागी रुजायला एकटी मादीही पुरते आणि कुंडीच्या मातीतून तो थेट अमेरिकेपर्यंत पोहोचला आहे. (हे सांगितले की भेदरलेले यजमानही डब्यात डोकावतात, असा माझा अनुभव आहे.) त्याला दूर रानात नेण्याची गरज नाही, त्याच अंगणातल्या सावलीत, ओल्या पालापाचोळ्याखाली सोडावे.