चाचरणाऱ्या मुलीने स्पीच थेरपिस्ट व्हावं का?

"मॅडम, जिला स्वतःलाच नीट बोलता येत नाही, ती दुसऱ्यांना काय बोलायला शिकवणार?"

मेघनाच्या आईने हा प्रश्न लेकीच्या समोरच विचारला. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) बारावी सायन्स झालेली मेघना लहानपणापासून चाचरत बोलायची आणि तिला बीएएसएलपी, म्हणजे श्रवण व वाचा उपचारांची पदवी घ्यायची होती. हीच काळजी घेऊन माझ्याकडे करिअरचा सल्ला विचारायला बरेच जण येतात. कुणाचा आवाज बारीक असतो, कुणाची बोली गावाकडची असते.

हेच का निवडलंस, असं मी मेघनाला विचारलं.

"मला ल-ल-ल..." ती अडली.

"लहान मुलांसोबत काम करायचंय?" मी म्हणाले.

तिने मान हलवली. "ल-लकवा झालेल्यांसोबत. माझे आजोबा..."

मला ते फार लागलं. आई सतरा वर्षं तिची वाक्यं पुरी करत आली होती, आणि मी पहिल्या दहा मिनिटांत तेच केलं. मी तिची माफी मागितली आणि मग फक्त ऐकलं. लकव्यानंतर आजोबांना सगळं समजायचं, पण हवा तो शब्द तोंडातून निघायचा नाही. घरातले एकेक शब्द सुचवत राहायचे आणि आजोबा चिडून तोंड फिरवायचे. मेघना नुसती शेजारी बसून राहायची. तिच्याशी मात्र ते बोलायचे.

आईला मी म्हटलं, "ताई, हा अभ्यास वक्तृत्वाचा नाही." चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. शरीररचना, मज्जासंस्था, ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र. कानाच्या तपासण्या करायच्या, कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं ऐकण्याचं उपकरण) झालेल्या बाळाला ऐकायची सवय लावायची, टाळू दुभंगलेल्या मुलाचे उच्चार सुधारायचे. लकव्याच्या रुग्णाला घास नीट गिळता येतो की श्वासनलिकेत जातो, हे तपासणंही याच कामात येतं, आणि ते चुकलं तर जिवावर बेतू शकतं.

मग त्यांना चार्ल्स व्हॅन रायपर आणि वेंडेल जॉन्सन यांच्याबद्दल सांगितलं. विसाव्या शतकात अमेरिकेत या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांमधली ही मोठी नावं. दोघेही आयोवा विद्यापीठात शिकलेले आणि दोघेही स्वतः चाचरणारे. शब्दाशी झुंजू नका, चाचरणं लपवू नका, सैलपणे अडखळा, ही व्हॅन रायपर यांची पद्धत आजही वापरली जाते. आई बराच वेळ गप्प होत्या.

सगळं सोपं आहे असं मी सांगितलं नाही. तोंडी परीक्षेत घाम फुटेल, एखादा पालक तोंडावर "दुसऱ्या मॅडम नाहीत का?" म्हणेल. तिने स्वतःसाठी थेरपी घ्यावी असंही सुचवलं, पण ती प्रवेशाची अट म्हणून नव्हे. काही महिन्यांत 'स्पीच थेरपिस्ट' करून देणाऱ्या जाहिरातींपासून मात्र तिला बजावून लांब ठेवलं. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि त्यानंतर परिषदेकडे नोंदणी, हाच रस्ता. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघायचे, सांगोवांगीवर जायचं नाही.

फॉर्म भरण्याआधी परवानगी घेऊन ती एका रुग्णालयाच्या ओपीडीत दिवसभर बसली. संध्याकाळी तिथल्या थेरपिस्टचा मला फोन आला. लकवा झालेले एक काका चित्रातल्या कपाकडे बघत शब्द शोधत होते. त्यांच्या मुलाने उत्तर सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मेघनाने त्याच्या हातावर अलगद हात ठेवला. काकांना वेळ लागला, पण "कप" त्यांनी स्वतः म्हटला. "हे मला विद्यार्थ्यांना वर्षभर शिकवावं लागतं," थेरपिस्ट म्हणाल्या.

मेघना आता इंटर्नशिप करते आहे. चाचरते अजूनही, पूर्वीपेक्षा मोकळेपणाने. मध्यंतरी तिच्या आईचा फोन आला होता.

"काल पेशंटचं सांगताना एका शब्दावर अडली, मॅडम. शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता."

"मग?"

"थांबले मी."